मशीन म्हणतं, आपण जमिनीवर आहोत

राखेचा बुधवार होऊन नऊ दिवस झाले.
काल रात्री उत्तरेचा वारा पडला
आणि पहाटे बाबांनी दारात उभं राहून
नाक वर केलं, म्हाताऱ्या कुत्र्यासारखं.
"घाई नको," म्हणाले. "आधी उन्हाला काम करू दे."

म्हणून दहाला निघालो.
एव्हारिस्त बिलिओ, वय एक्क्याऐंशी,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्यात त्याहून वाईट काही,
आणि मी, त्यांची मधली,
जिला होडी हाकता येते,
मासा हुडकता येत नाही.

हिवाळाभर ट्राउट पडून असतात
तेलवाल्यांनी खणलेल्या सरळसोट कालव्यांत, तळाशी,
गोधडीत पाय पोटाशी घेतल्यासारखे.
मार्च लागला की उतरत्या ओहोटीबरोबर
खाजणातल्या उथळावर येतात,
जिथला गाळ काळा, आणि काळा म्हणून आधी तापतो.
पाणी दोन अंशांनी ऊन असलं तरी पुरतं त्यांना.
दोन अंश म्हणजे किती, मला विचारू नका.
बाबा हात बुडवतात मनगटापर्यंत
आणि थांबतात,
तान्ह्याच्या आंघोळीचं पाणी बघावं तसे.

"पुढे."
बोयीची पिल्लं उडाली, थोडीशीच, भेदरलेली.
"पुढे."
खाऱ्या पाण्यानं मारलेले सायप्रस उभे होते,
त्यातल्या एकावर पाणकावळा, पंख वाळत घातलेला.
"बंद कर इंजिन."

पडद्यावरचा आमचा बाण हिरव्या रंगात उभा.
हिरवं म्हणजे जमीन.
हा नकाशा कुणी कधी काढला कोण जाणे,
त्याला पुढचं कुणी कळवलंच नाही.
मी हसले. सांगितलं बाबांना.
"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले.
"हे थेओजेनचं कुरण."

मग बराच वेळ काही नाही.
गवताच्या बुडख्यांतून पाणी ओसरत होतं,
डास अजून जन्मायचे होते, एवढंच सुख.

"कलिंगड," बाबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.
थेओजेनकाका इथं कलिंगडं लावायचे,
पट्ट्यांची, लांबोडकी,
आणि फोडायला सुरी कधी घ्यायचे नाहीत, गुडघा वापरायचे.
मग दिसला तो तवंग, ताटाएवढा,
गुळगुळीत, बाकीच्या पाण्याला सुरकुत्या पडत असताना.
खाली मासा खातो, त्याचं तेल वर येतं,
आणि त्या तेलाला खरंच कलिंगडाचा वास येतो,
हे इथल्या पोरांनाही ठाऊक आहे.
बाबांना कुठलं कलिंगड येत होतं, ते मी विचारलं नाही.

"तवंगाच्या वर टाक, वाऱ्याच्या बाजूला.
झटका नको. त्याचं तोंड कागदाचं असतं."

पहिला मी झटक्यानं घालवला.
दुसरा आला.
पाठीवर मिरी उधळल्यासारखे ठिपके, पार शेपटीवरही,
जबडा उघडला तर आत हळदीचा पिवळा,
आणि घशातून घुर्र घुर्र, रागावलेल्या पाहुण्यासारखा.
बाबा ठिपके मोजत नाहीत. त्यांच्या फ्रेंचमध्ये त्याचं नाव
नुसतं 'करडी ट्राउट'.
ते बोटानं पोट चाचपतात.
गाभोळी भरू लागलेली एक मादी त्यांनी सोडली,
सोडताना तिला काहीतरी सांगितलं, हळू.

दोनच्या सुमारास चावा थांबला.
शिसं तळाला लागलं: टक्.
गाळात टक् होत नाही.
मी ओढलं, पुन्हा टाकलं. टक्, टक्.
"रस्ता," बाबा म्हणाले, तिकडे न बघताच.
शिंपल्यांचा रस्ता होता, त्यावर आता कालवं धरली आहेत.
शाळेची बस इथंच वळायची,
मीही त्या बसमध्ये असायची, खिडकीशी,
आणि मला ते वळण ओळखू आलं नाही.

सात मासे. शुक्रवार.
दोन आम्ही थेओजेनकाकांच्या क्लोटिल्डकडे नेले.
ती आता चाळीस मैल आत राहते,
सिमेंटच्या आवाराच्या, कोरड्या गावात.
तिनं मासा वजनाला घ्यावा तसा तळहातावर तोलला.
"कुठं मिळाले?"
"तुझ्याकडेच," बाबा म्हणाले.

ती खवलं काढायला वळली.
नळ सोडला, बंद केला.
"फाटकाच्या अलीकडे," तिनं विचारलं,
"की पलीकडे?"